म्हाडाची ऑनलाइन सोडत: घर लागते, पण पेलते का?

मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर खोली घेऊन राहणाऱ्या आणि करार संपत आला की मुलांची शाळा बदलायला लागू नये म्हणून त्याच गल्लीत दुसरी खोली शोधणाऱ्या कुटुंबांना हक्काच्या घराचा जो एक सरकारी मार्ग ठाऊक असतो, तो म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, म्हाडाची, सोडत. मालाड पूर्वेच्या कुरार भागात आम्ही काही जण अशा कुटुंबांना सोडतीचे अर्ज भरून देतो, कागदपत्रे जुळवून देतो आणि घर लागलेच तर पुढच्या पत्रव्यवहारातही सोबत राहतो. या कामातून म्हाडाच्या सध्याच्या सेवेविषयी जे मत बनले, ते येथे मांडत आहे. कसोटी एकच लावली आहे. नवरा एखाद्या सोसायटीत रखवालदार आहे आणि बायको दोन-तीन घरी स्वयंपाक करते, अशा कुटुंबाला ही सेवा अर्जापासून ताब्यापर्यंत कुठवर नेऊन सोडते?

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. जानेवारी २०२३ पासून म्हाडाने सोडतीची संगणकीय प्रणाली बदलली. पूर्वी सोडत आधी निघत असे आणि पात्रता नंतर तपासली जात असे. घर लागल्याचा आनंद ओसरण्याआधीच कागदपत्रांच्या फेऱ्या सुरू होत, एखादा दाखला कमी पडला की घर हातचे जाई, आणि या सगळ्यात दलालांचे चांगलेच फावत असे. आता कागदपत्रे अर्जासोबतच अपलोड करावी लागतात, पात्रता आधी ठरते आणि पात्र अर्जच सोडतीत जातात. पूर्वी वीसेक कागद लागत, ती संख्या सातवर आली आहे. नोंदणी एकदाच करायची असते. एकदा उघडलेले खाते पुढे म्हाडाच्या कोणत्याही विभागीय मंडळाच्या सोडतीला चालते, मग ते मुंबई मंडळ असो, कोकण असो किंवा पुणे. मोबाइलवरचे अ‍ॅप मराठीत आहे, आणि ज्यांचे लिहिणे-वाचणे बेताचे आहे त्यांनाही शेजारी बसून कोणी दाखवले तर कळते. सोडतीपूर्वी स्वीकृत अर्जांची प्रारूप यादी लागते, हरकती घेता येतात, मग अंतिम यादी लागते. सोडत संगणकावर निघते आणि तिचे थेट प्रक्षेपण होते. ‘वरून सेटिंग असते’ असे म्हणणाऱ्यांना मी आता ठामपणे सांगतो की सोडतीवर शंका घेऊन अर्ज न करणे हे स्वतःचेच नुकसान आहे.

उत्पन्नाचे गट समजून घेतल्याशिवाय पुढचे बोलणे समजणार नाही. राज्य सरकारने २०२२ मध्ये या मर्यादा बदलल्या. मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशांत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असल्यास अत्यल्प गट, नऊ लाखांपर्यंत अल्प गट आणि बारा लाखांपर्यंत मध्यम गट धरला जातो. त्यापुढे उच्च गट. कुटुंब म्हणजे येथे अर्जदार आणि त्याचा जोडीदार. कमावता मुलगा त्यात मोजला जात नाही, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते आणि उगाचच ते स्वतःला वरच्या गटात धरून बसतात. अर्जदार अठरा वर्षांवरील असावा, महाराष्ट्राचा अधिवासी असावा, आणि त्या मंडळाच्या क्षेत्रात त्याच्या, जोडीदाराच्या किंवा अल्पवयीन मुलांच्या नावे घर नसावे, या बाकीच्या मुख्य अटी आहेत.

प्रत्यक्षात जिथे गाडी अडते, ती जागा म्हणजे अधिवास दाखला. २०१८ नंतर काढलेला, बारकोड असलेला दाखलाच प्रणाली स्वीकारते. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी अनेकींकडे लग्नापूर्वीच्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, आधारवर नवऱ्याचे आडनाव असते आणि पॅनवर वडिलांचे. नावाची ही तीन रूपे एका अर्जावर एकत्र आली की पडताळणी पुढे सरकत नाही. त्यात आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक कधीकाळी गावाकडच्या दिराच्या नावे घेतलेला निघतो आणि ओटीपी तिकडे जातो. हे दोष म्हाडाचे नाहीत, पण जाहिरात निघाल्यावर मिळणाऱ्या मुदतीत हे सगळे दुरुस्त होत नाही. म्हणून सोडतीची बातमी येण्याची वाट न पाहता आधार, पॅन आणि बँक खाते यांवरचे नाव एकसारखे करून घ्यावे, अधिवास दाखला आताच काढून ठेवावा, आणि आर्थिक वर्ष संपले की तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा आयकर विवरणपत्र, जे शक्य असेल ते तयार ठेवावे. नवरा-बायको दोघेही कमावत असतील तर दोघांचेही लागते. राखीव गटातून अर्ज करणाऱ्यांनी जातीचा दाखलाही आधीच पाहून ठेवावा.

खर्चाच्या बाबतीत अर्ज परवडणारा आहे, पण हलका नाही. २०२३ आणि २०२४ च्या मुंबईच्या सोडतींत अर्जाचे शुल्क वस्तू व सेवा करासह ५९० रुपये होते आणि अत्यल्प गटासाठी अनामत रक्कम २५,००० रुपये, अल्प गटासाठी ५०,००० रुपये. घर लागले नाही तर अनामत खात्यात परत येते, ५९० रुपये येत नाहीत. कागदावर ही रक्कम लहान दिसते. पण वस्तीतल्या कुटुंबाकडे पंचवीस हजार मोकळे पडलेले नसतात; कोणी भिशी आधी उचलते, कोणी मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवते, आणि सोडत पुढे ढकलली गेली की त्यावरचे व्याजही पुढे जाते. २०२४ मध्ये अर्ज भरण्याची मुदत वाढवली गेली, तिचा बऱ्याच जणांना फायदाच झाला. मात्र ज्यांनी सुरुवातीलाच पैसे भरले होते त्यांचे पैसे तेवढा काळ अडकून पडले. अत्यल्प गटाची अनामत पात्रता ठरल्यानंतर घ्यावी, किंवा ती निदान पाच हजारांवर आणावी, असे मला कळकळीने वाटते.

आता घरांच्या संख्येकडे येऊ. मुंबई मंडळाने डिसेंबर २०१८ मध्ये १,३८४ घरांची सोडत काढली, जून २०१९ मध्ये फक्त २१७ घरांची, आणि त्यानंतर मुंबईसाठी थेट ऑगस्ट २०२३ मध्ये, ४,०८२ घरांची. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी २,०३० घरांची सोडत निघाली. त्यात अत्यल्प गटासाठी ३५९ घरे होती, अल्प गटासाठी ६२७, मध्यम गटासाठी ७६८ आणि उच्च गटासाठी २७६. अर्ज एक लाखाहून अधिक होते, म्हणजे एका घरामागे पन्नासहून जास्त कुटुंबे. सर्वांत मोठी गरज ज्या गटाची, त्याला दोन हजारांतली साडेतीनशे घरे, आणि दुसरीकडे त्याच जाहिरातींत ताडदेवमधली सात कोटींच्या घरातली सदनिका. ही महागडी घरे विकासकांकडून पुनर्विकासाच्या मोबदल्यात म्हाडाला मिळतात, ती म्हाडा स्वतः बांधत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही अशी घरे बाजारभावाने विकून तो पैसा लहान घरे बांधण्यात घालावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. आरक्षणाचेही तसेच. आजी-माजी खासदार आणि आमदार यांच्यासाठीचा दोन टक्के कोटा अत्यल्प गटालाही लावला जातो, आणि वर्षाला सहा लाखांच्या आत उत्पन्न असलेला लोकप्रतिनिधी सापडणे किती अवघड आहे हे सर्वांना माहीत आहे. या गटापुरता तरी तो कोटा काढून टाकायला हवा.

आता ज्या गोष्टीसाठी हे परीक्षण लिहायला बसलो, तिच्याकडे वळतो: घर लागल्यानंतरचे पैसे. २०२३ च्या सोडतीतला सर्वांत मोठा हिस्सा गोरेगावच्या पहाडी भागातल्या १,९४७ घरांचा होता. अत्यल्प गटासाठी, पंतप्रधान आवास योजनेखाली, ३२२.६० चौरस फुटांचे घर, अडीच लाखांचे सरकारी अनुदान वजा जाता किंमत ३० लाख ४४ हजार. त्या भागातला बाजारभाव पाहता हे घर स्वस्त होते यात वाद नाही. पण बाजाराच्या तुलनेत स्वस्त असणे आणि घेणाऱ्याच्या मिळकतीला परवडणे यांत अंतर असते. नव्वद टक्के कर्ज मिळाले असे धरू. म्हणजे सुमारे २७ लाख ४० हजार. वीस वर्षांची मुदत आणि नऊ टक्के व्याज धरले तर महिन्याचा हप्ता साडेचोवीस हजारांच्या पुढे जातो. या योजनेत सुरुवातीला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख होती, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. त्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबाने सगळा पगार हप्त्यात भरला असता तरी हाती पाचशे रुपयेही उरले नसते. पुढे केंद्र सरकारने मुंबई महानगर प्रदेशासाठी ती मर्यादा सहा लाखांवर नेली, आणि ते आवश्यकच होते. मात्र त्यामुळे महिन्याला पंचवीस हजार कमावणारा रखवालदार आणि पन्नास हजार कमावणारा कारकून एकाच रांगेत आले. सोडतीत दोघांना सारखीच संधी असते; सोडतीनंतर घर टिकवण्याची संधी मात्र कारकुनालाच असते.

याहून अवघड गोष्ट कागदाची आहे. एका कुटुंबाचे उदाहरण देतो. बाई चार घरी पोळ्या करतात, पैसे रोख मिळतात. नवऱ्याला एजन्सीकडून पगार मिळतो, त्यातला काही भाग बँकेत आणि काही हातात. तहसीलदारांच्या दाखल्यावर दोघांचे मिळून जे उत्पन्न लागले, ते प्रत्यक्ष मिळकतीपेक्षा बरेच कमी होते, कारण दाखवायला कागदच तेवढे होते. त्या दाखल्यावर ते अत्यल्प गटात पात्र ठरले. घर लागले, पेढे वाटले. मग तोच दाखला घेऊन ते एका बँकेत कर्जासाठी गेले, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे हिशेब करून सांगितले की एवढ्या उत्पन्नावर आठ लाखांच्या वर कर्ज बसत नाही. ज्या कागदाने सोडतीचे दार उघडले, त्याच कागदाने कर्जाचे दार लावून घेतले. दुसऱ्या एका गृहकर्ज कंपनीने कर्ज द्यायची तयारी दाखवली, पण व्याजदर बँकेपेक्षा इतका चढा होता की हप्ता भरून किराणा भरता आला नसता. इकडे म्हाडाचे देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचे पत्र, हातात होते आणि रक्कम भरायची मुदत चालू झाली होती. आधी किमतीचा चौथा हिस्सा, म्हणजे साडेसात लाखांच्या आसपास, आणि पाठोपाठ उरलेले पंचाहत्तर टक्के. मुदतवाढ मिळते, पण तिच्यावर व्याज लागते. शेवटी त्या बाईंच्या भावाने, जो एका कारखान्यात कायम नोकरीला आहे, सहकर्जदार म्हणून सही केली आणि घर वाचले. असा भाऊ प्रत्येकीला नसतो, आणि नसेल तर म्हाडाच्या व्यवस्थेत त्यावर आज काही उपाय नाही.

म्हाडाला हे अशक्य आहे असे मी मानत नाही, कारण हीच संस्था एकेकाळी वेगळ्या रीतीने काम करत होती. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप, गोराई आणि मालवणी येथे आखलेल्या वसाहतींत म्हाडाने लहान लहान भूखंड दिले. रस्ते, गटारे, पाणी आणि वीज सरकारने केली; घर मात्र कुटुंबाने स्वतःच्या ऐपतीप्रमाणे बांधायचे होते. पहिल्या वर्षी चार भिंती आणि पत्रे, मुलगा नोकरीला लागल्यावर पोटमाळा, पुढे स्लॅब, अशी ती घरे कुटुंबाच्या मिळकतीबरोबर वाढत गेली. आज चारकोपच्या त्या गल्ल्यांतून फिरले की एकमेकांशेजारची दोन घरे सारखी दिसत नाहीत. मुंबईत आता तेवढी मोकळी जमीन नाही, त्यामुळे तेच करा असे म्हणण्यात अर्थ नाही. पण पैसे टप्प्याटप्प्याने देण्याची सोय, किंवा काही वर्षे भाडे भरून मग ते घर मालकीचे होण्याची सोय, या दोन गोष्टींना जमीन लागत नाही. अत्यल्प गटातल्या विजेत्यांसाठी एखाद्या सरकारी बँकेशी आधीच करार करून, रोख कमावणाऱ्यांच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्याची काही रीत ठरवणे, हेही म्हाडाच्या आवाक्यातले आहे. नव्या पंतप्रधान आवास योजनेत, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या टप्प्यात, कर्जाच्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान आहे. पण त्यासाठी घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत असावे लागते, आणि एकूण लाभ जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचा, तोही पाच वर्षांत वाटून मिळणारा. मदत होते, पण ज्याला कर्जच मिळत नाही त्याला व्याजाचे अनुदान काय कामाचे?

किमतीच्या बाबतीत म्हाडाने लोकांचे ऐकले, याची नोंद करायला हवी. २०२४ च्या सोडतीत विकासकांकडून मिळालेल्या ३७० घरांच्या किमती फार चढ्या असल्याची तक्रार झाली, तेव्हा अत्यल्प गटासाठी पंचवीस टक्के, अल्प गटासाठी वीस टक्के, मध्यम गटासाठी पंधरा आणि उच्च गटासाठी दहा टक्के कपात केली गेली. पंचवीस टक्के म्हणजे लहान गोष्ट नव्हे. मात्र अशा घरांबाबत एक वेगळी सावधगिरी बाळगावी लागते. ती बहुधा उंच इमारतींत असतात, आणि तिथे लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा आणि वाहनतळ या सगळ्यांचा देखभाल खर्च दरमहा द्यावा लागतो. चाळीत शंभर-दोनशे रुपये देण्याची सवय असलेल्या कुटुंबाला हा आकडा हप्त्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि जाहिरातीत तो ठळकपणे दिलेला नसतो. तो जाहिरातीतल्या प्रत्येक योजनेच्या संकेत क्रमांकापुढे किमतीच्या रकान्याशेजारीच छापावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

अर्ज करताना योजना निवडण्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. बहुतेक जण ओळखीच्या भागातली, गाजलेली योजना निवडतात आणि तिथेच अर्जांचा ढीग पडतो. त्याऐवजी कोकण आणि पुणे मंडळांच्या जाहिरातींतली ‘वीस टक्के’ योजनेची घरे जरूर पाहावीत. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिका क्षेत्रांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करणाऱ्या खासगी विकासकाला वीस टक्के घरे अत्यल्प आणि अल्प गटासाठी ठेवावी लागतात, आणि ती म्हाडाच्या सोडतीतूनच दिली जातात. हा नियम २०१३ पासून आहे. ठाणे, नवी मुंबई आणि पुणे परिसरात या योजनेतून मिळणारी घरे किमतीच्या मानाने उत्तम असतात. ज्यांना प्रवास चालतो त्यांनी विरार-बोळींजच्या घरांचाही विचार करावा. तिथे बरीच घरे सोडतीत विकली न गेल्याने कोकण मंडळाने ती ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या तत्त्वावर दिली आहेत, त्यामुळे नशिबाची वाट पाहावी लागत नाही. मात्र पहाटे पाचला कांदिवलीत कामावर हजर व्हायचे असेल तर विरारहून ते रोज जमेल का, हे घरातल्या बाईला विचारूनच ठरवावे. अर्ज बहुतेक वेळा नवरा भरतो आणि लोकल तिला गाठायची असते.

फसवणुकीबद्दलही सांगितले पाहिजे. म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही, हे प्रत्येक जाहिरातीत लिहिलेले असते, तरी वस्तीत ‘साहेबांच्या ओळखीतून घर लावून देतो’ म्हणणारे फिरतच असतात. २०२४ च्या सोडतीच्या वेळी तर म्हाडाच्या संकेतस्थळासारखेच दिसणारे बनावट संकेतस्थळ उघडून लोकांकडून पैसे घेतल्याचा प्रकार पोलिसांपर्यंत गेला. खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते, एवढे तरी पाहूनच पैसे भरावेत, आणि कोणालाही रोख रक्कम देऊ नये.

माझा निर्णय गटानुसार वेगळा आहे. महिन्याला चाळीस-पन्नास हजार मिळवणाऱ्या, पगार बँकेत जमा होणाऱ्या कुटुंबासाठी मुंबईत यापेक्षा चांगली आणि यापेक्षा प्रामाणिक सेवा नाही. त्यांनी प्रत्येक सोडतीला अर्ज करावा. पंचवीस-तीस हजारांवर चालणाऱ्या कुटुंबाने अर्जाआधी बँकेत जाऊन आपल्याला किती कर्ज मिळेल हे तोंडी नव्हे तर लेखी विचारून घ्यावे, सहकर्जदार कोण होईल ते ठरवावे, आयकर विवरणपत्र कर लागत नसला तरी आतापासून दरवर्षी भरावे आणि रोख मिळणारा पगार शक्य तितका खात्यात जमा करावा. दोन वर्षांच्या विवरणपत्रांवर जे कर्ज मिळते ते नुसत्या दाखल्यावर मिळत नाही. त्यानंतरही आकडा जुळत नसेल तर मुंबईतल्या तीस लाखांच्या घरासाठी पंचवीस हजारांची अनामत अडकवण्यापेक्षा कोकण मंडळाच्या पुढच्या जाहिरातीची वाट पाहावी. या कागदपत्रांसाठी आणि बँकेतल्या बोलण्यासाठी सोबत लागली तर प्रत्येक वस्तीत आमच्यासारखे कोणी ना कोणी असते. त्यांना जाहिरात निघण्याच्या आधी भेटावे.